जुन्या मोटारसायकलीची शर्यतगाडी : एका घरगुती कारागिरीचा इतिहास

एखादी जुनी, लहान मोटारसायकल विकत घ्यावी, तिचे अनावश्यक भाग उतरवावेत आणि घरच्या घरी तिला जुन्या शर्यतगाडीचे रूप द्यावे, ही हौस आज अनेक देशांत आढळते. अशा गाडीस ‘व्हिंटेज रेसर’ अथवा ‘कॅफे रेसर’ म्हणतात. तरुणांचा एक छंद यापलीकडे तिचा विचार सहसा होत नाही. वस्तुतः या हौसेला निश्चित स्थळ आणि निश्चित काळ आहे. ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये रुजली. तेथे ती कशी वाढली, लहान इंजिनांकडे का वळली, आणि ‘व्हिंटेज’ हे विशेषण तिला कितपत लागू पडते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१. रूपाचे मूळ

आइल ऑफ मॅन या बेटावर सार्वजनिक रस्त्यांवरून मोटारसायकलींच्या शर्यती १९०७ साली सुरू झाल्या. शर्यतीचा मार्ग आणि रोजचा रस्ता तेथे एकच असल्याने शर्यतीची गाडी आणि रोजची गाडी यांचे नाते जवळचे राहिले. १९४७ ते १९५६ या काळात तेथे विक्रीस असलेल्या गाड्यांसाठी ‘क्लबमन’ शर्यतीही होत असत. १९५० साली बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी रचलेली नवी फ्रेम नॉर्टन कंपनीने शर्यतीत उतरवली, आणि त्याच वर्षी तिच्यावर बसून जेफ ड्यूक याने सीनियर शर्यत जिंकली. बसावयास ती इतकी सुखद होती की तिला ‘फेदरबेड’, म्हणजे पिसांची गादी, असे नाव पडले. पुढे हौशी कारागीर याच फ्रेममध्ये ट्रायम्फचे दोन सिलिंडरांचे इंजिन बसवू लागले. त्या संकरास ‘ट्रायटन’ म्हणत.

घरगुती शर्यतगाडीचे रूप शोभेसाठी जन्मलेले नाही. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करावयाचा तर केवळ वाऱ्यासाठीच आठपट शक्ती हवी. इतकी शक्ती घरच्या हत्यारांनी निर्माण होत नाही. परंतु चालकाला आपले शरीर वाऱ्यापुढे लहान करता येते, आणि त्यास खर्चही थोडा येतो. म्हणून उंच हँडल काढून दोन आखूड दांडे पुढच्या फोर्कच्या नळ्यांनाच आवळले गेले. हात खाली गेल्यावर पाय अडचणीत आले, म्हणून फूटरेस्ट मागे सरकले. फूटरेस्ट मागे सरकताच ब्रेकची आणि गिअरची पट्टी लांबून जोडावी लागली. देह टाकीवर ओणवा झाला, म्हणून टाकी लांब होऊन तिला गुडघ्यांसाठी खोबणी पडल्या. मागे घसरू नये म्हणून सीटला उंचवटा आला. भाषेत एक ध्वनी बदलला की शेजारचे ध्वनी आपापली जागा बदलतात, तशीच ही परिवर्तनांची साखळी आहे.

इंजिनाच्या बाबतीत उपाय मर्यादित होते. सिलिंडरचे हेड खरडून दाब वाढवणे, वायूच्या वाटा घासून गुळगुळीत करणे, कार्बुरेटरचा जेट मोठा बसवणे आणि मागील चक्राचे दाते कमी करणे, एवढे काम शेडमध्ये होऊ शके. ब्रेक मात्र पुष्कळदा जुनेच राहत. वेग वाढला आणि थांबण्याची शक्ती तीच राहिली, या विषमतेत या कारागिरीचा खरा धोका होता.

२. नाव आणि निंदा

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील ‘एस कॅफे’ १९३८ साली उघडला, युद्धात बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाला आणि १९४९ साली पुन्हा उभा राहिला. अशा उपाहारगृहांपाशी तरुण आपल्या गाड्या घेऊन जमत. ताशी शंभर मैलांचा, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरांचा, वेग गाठणे ही त्यांच्यात प्रतिष्ठेची खूण होती. ‘कॅफे रेसर’ हा शब्द प्रथम उपहासाचा होता. ज्याची शर्यत मैदानात न होता एका उपाहारगृहापासून दुसऱ्यापर्यंतच होते, तो कॅफे रेसर. निंदाव्यंजक शब्द पुढे अभिमानाने धारण केला जातो, याचे हे आणखी एक उदाहरण होय. उपहासामागे समाजाची खरी चिंताही होती, कारण रस्त्यावर तरुण मरत होते. १९६२ साली बिल शेरगोल्ड या धर्मोपदेशकाने ‘फिफ्टीनाइन क्लब’मध्ये मोटारसायकलस्वारांचा विभाग काढून या मुलांना आश्रय दिला, तो याच पार्श्वभूमीवर.

३. कायदा आणि लहान इंजिन

१९६१ पासून ब्रिटनमध्ये शिकाऊ परवान्यावर साइडकारविना २५० घनसेंटिमीटरपर्यंतचीच मोटारसायकल चालवता येऊ लागली. हेतू सुरक्षिततेचा होता. परिणाम असा झाला की वेगाची सारी आकांक्षा लहान इंजिनाभोवती केंद्रित झाली. १९६४ च्या अखेरीस रॉयल एन्फील्डने ‘कॉन्टिनेंटल जीटी’ ही गाडी आणली. २४८ घनसेंटिमीटरचे इंजिन, पाच गिअर, फायबरग्लासची लाल टाकी आणि फोर्कला आवळलेले आखूड हँडल, असे तिचे स्वरूप होते. जे मुले घरी करीत होती, ते आता कारखाना तयार करून विकू लागला. घरगुती रूढीला अशी व्यापारी मान्यता मिळाली, आणि थोड्याच वर्षांत तो काळ सरला. कंपनीचा रेडिच येथील कारखाना १९६७ साली बंद झाला, एस कॅफे १९६९ साली. तो पुन्हा उघडला तो २००१ साली, स्मृतिस्थळ म्हणून.

या इतिहासाचा भारताशी दुवा मद्रासचा आहे. १९५५ साली तेथे एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट गाडी टिकली. त्याच परंपरेतून २०१३ साली ‘कॉन्टिनेंटल जीटी’ हे नाव पुन्हा बाजारात आले. या वेळी ते भारतातून जगाकडे गेले.

४. ‘व्हिंटेज’चा अर्थ

‘व्हिंटेज’ शब्दाचे मूळ लॅटिन ‘विन्देमिआ’त आहे. त्याचा अर्थ द्राक्षांची तोडणी. शब्दाचा उत्तरार्ध ‘काढून घेणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. पुढे तो विशिष्ट वर्षाच्या मद्यास आणि तेथून जुन्या यंत्रांस लागू झाला. १९४६ साली स्थापन झालेल्या ब्रिटनमधील व्हिंटेज मोटारसायकल क्लबने आरंभी १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांपुरताच तो मर्यादिला. भारतात २०२१ च्या नियमांनी त्याला कायद्याची व्याख्या दिली. पन्नास वर्षांहून जुनी, आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी, तीच ‘व्हिंटेज’. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदलास मनाई केली आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली.

यावरून एक विसंगती स्पष्ट होते. ‘रेसर’ हे रूप भाग काढल्याने सिद्ध होते, तर ‘व्हिंटेज’ ही पदवी भाग न काढल्याने टिकते. भारतात पन्नास वर्षांची गाडी कापून ‘व्हिंटेज रेसर’ केली, तर नावातील पहिला शब्दच ती गमावते.

तथापि मूळ रूप तेवढे खरे आणि बदल तेवढा भ्रष्ट, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. हस्तलिखिताच्या समासातील टिपाही कालांतराने साधन ठरतात. १९६० च्या सुमारास बनलेली ट्रायटन आज ‘मूळ’ रूपात आणावयाची म्हणून सुटी केली, तर त्या काळाचा एक अस्सल पुरावा नष्ट होईल. भेद करावयाचा तो परत फिरवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या बदलांत. हँडल, सीट, टाकी आणि फूटरेस्ट बोल्टाने बसतात, बोल्टाने निघतात. काढलेले भाग जपून ठेवले आणि त्यांची नोंद केली, तर पूर्वरूप हरवत नाही. कापलेली फ्रेम आणि खरडलेले हेड मात्र पूर्ववत होत नाही. असे काम ज्या गाडीचे मूळ भाग आधीच गहाळ झाले आहेत, तिच्यावरच व्हावे. पोथीवर टिपा लिहिणाऱ्याने मूळ अक्षरे खरडू नयेत, हा पाठचिकित्सेचा नियम यंत्रांनाही तितकाच लागू आहे.