टानबाखचे दोन काठ

म्योडलारॉइट गावातून वाहणाऱ्या टानबाखला नदी म्हणवत नाही. ओहोळच तो. शाळकरी पोरानं जरा मागं सरून उडी मारली तर पाय न भिजता पलीकडे जाईल एवढा. त्याच्या काठाला गवतात जुने हद्दीचे दगड उभे आहेत. एका अंगाला बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरं, दुसऱ्या अंगाला रॉइस संस्थानाची. १८१० साली हे दगड रोवले गेले आणि जर्मनीतलं हे पन्नासेक माणसांचं गाव कागदोपत्री दोन मुलखांत विभागलं.

विभागलं तरी कुणाचं काही अडलं नाही. शाळा आणि खानावळ रॉइसच्या, म्हणजे पुढं थुरिंगियात गेलेल्या काठावर, तर रविवारची प्रार्थना बव्हेरियातल्या ट्योपन गावच्या चर्चमध्ये. लग्नं दोन्हीकडे जुळत. सव्वाशेहून अधिक वर्षं लोकांनी ती रेघ अशी सहज ओलांडली, की ती आहे हे फक्त कर भरताना आठवावं.

हे सगळं मला सांगितलं ते हॉफ शहरातल्या आमच्या शेजारच्या आजींनी. मी नोकरीनिमित्त तिथं राहत असताना त्या मागच्या पायऱ्यांवर बटाटे सोलत बसायच्या, आणि साल न तुटता एका लांब पट्टीत उतरेपर्यंत एक गोष्ट पुरी व्हायची. त्यांचा जन्म म्योडलारॉइटच्या बव्हेरियाकडच्या घरातला. मावशी समोरच्या काठावर दिलेली. लहानपणी आजी शाळेत जाताना मावशीच्या दारातून जायच्या आणि परतताना तिथंच जेवायच्या.

१९४५ च्या जुलैत अमेरिकन सैन्य थुरिंगियातून मागं हटलं आणि रशियन आले. ते ओहोळापाशी थांबले नाहीत, बव्हेरियाच्या अर्ध्या गावातही येऊन बसले. पुढल्या वर्षी ते आपल्या काठावर परत गेले, तेव्हा ती विस्मरणात गेलेली संस्थानी रेघ दोन सत्तांमधली सीमा झाली होती. १९४९ साली तिच्या दोन बाजूंना दोन देश उभे राहिले. तरी परवाना दाखवून ये-जा चालू होती, आणि मोठी माणसं म्हणायची, हे काही टिकायचं नाही.

१९५२ च्या मे महिन्यात पूर्व जर्मनीनं सीमा बंद केली. सीमेलगत दहा मीटरची जमीन नांगरून मोकळी केली, म्हणजे पाऊल पडलं तर उमटावं. त्यामागं पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा आणि पाच किलोमीटरचं प्रतिबंधित क्षेत्र. ज्यांच्यावर सरकारचा भरवसा नव्हता त्यांना सीमेवरच्या गावांतून उचलून आत दूर नेऊन टाकलं. सबंध सीमेवर अशी आठ हजारांहून अधिक माणसं घराबाहेर काढली गेली. म्योडलारॉइटच्या वरच्या गिरणीवाल्याला मात्र आधी कुणकुण लागली. घर मोकळं करायला माणसं येण्याआधी तो बायकापोरांसह ओहोळ उतरून अलीकडे आला. त्या गिरणीचा आज नुसता पाया दिसतो.

मग फळ्यांचं कुंपण आलं, पुढं काटेरी तार, आणि १९६६ साली सव्वातीन मीटरहून उंच, सातशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. टेहळणीचा मनोरा, रात्रभर जळणारे दिवे, कुत्री. पश्चिमेकडचे अमेरिकन सैनिक गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणू लागले. १९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश इथं येऊन भिंत पाहून गेले.

पण आजींच्या बोलण्यात भिंतीपेक्षा दुसरीच गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. पूर्वेकडच्या माणसांना पलीकडे बघून हात हलवायला मनाई होती. बव्हेरियाकडून कुणी हात हलवला, ‘कशी आहेस?’ म्हणून हाक मारली, तरी प्रत्युत्तर द्यायचं नाही. दिलंच तर चौकशी. भिंत माणसाला अडवते एवढंच. हा हुकूम माणसाला आपल्याच माणसाकडं पाठ फिरवायला लावतो. मला तो त्या काँक्रीटहून क्रूर वाटतो.

आजींची आई गेली ती भिंत यायच्या आधी, कुंपणाच्या काळात. धाकटी बहीण हाकेच्या अंतरावर, पण तिला येता येणार नव्हतं. दफन ट्योपनला व्हायचं होतं. घरून निघाल्यावर आजींच्या वडिलांनी घोडागाडी सरळ रस्त्याला न लावता ओहोळाच्या बाजूच्या चढावर नेली आणि थांबवली. कुणी काही बोललं नाही. पलीकडे पोटमाळ्याची खिडकी उघडी होती आणि मावशी तिथं उभी होती, काळे कपडे घालून. तिनं हात वर केला नाही. ‘तिनं दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवली होती,’ आजी म्हणाल्या, ‘मला तिची बोटं दिसत होती.’ त्यांच्या हातातली सुरी तेव्हा बराच वेळ चालली नाही.

१९७३ च्या मे महिन्यात एक जण मात्र ही भिंत ओलांडून आला. कामानिमित्त त्याला प्रतिबंधित क्षेत्रात गाडी नेता येत असे. त्यानं गाडी भिंतीला भिडवली, शिडी लावली आणि अलीकडे उडी घेतली. भिंत झाल्यापासून पडेपर्यंत तिच्यावरून असा तो एकटाच सुटला. त्याच वर्षी सीमेजवळच्या पश्चिम जर्मनांना पलीकडच्या जिल्ह्यांत परवान्यानं जायची मुभा मिळाली. पण प्रतिबंधित क्षेत्र वगळून! म्हणजे आजींना समोर दिसणाऱ्या घरी जाता येईना. त्या महामार्गावरच्या नाक्यावरून वळसा घालून श्लाइत्स गावी जायच्या, मावशी तिच्या गावाहून तिथं यायची, आणि दोघी कॉफीच्या दुकानात बसायच्या. शेजाऱ्यांना भेटायला एवढा प्रवास! मावशी आपल्या घराविषयी काही सांगत नसे. तोंड आवरून बोलायची तिला सवय झाली होती.

बर्लिनमध्ये नोव्हेंबर १९८९ मध्ये भिंत उघडली, म्योडलारॉइटला त्यानंतरही महिनाभर वाट पाहावी लागली. ९ डिसेंबरला पायी जाण्यापुरती वाट झाली. मावशी तोवर हयात नव्हती. १७ जून १९९० रोजी यंत्र लावून भिंत पाडली. शंभरेक मीटरचा तुकडा गावानं मुद्दाम राखला. आता तो, मनोरा आणि कुंपणाचे नमुने मिळून तिथं संग्रहालय आहे. सगळं पाडून मोकळं व्हावं असं वाटणारेही तेव्हा होते, आणि त्यांचं मन मला कळतं. पण तो तुकडा राहिला हे बरं झालं. पोटमाळ्याच्या खिडकीचं सांगून कुणाला खरं वाटलं नसतं.

आजींबरोबर मी तिथं गेले तेव्हा त्यांनी भिंतीकडं फारसं पाहिलं नाही. शाळा कुठं होती, खानावळीचं दार कुठल्या बाजूला होतं, गिरणीला पाणी कुठून वळवलं होतं, हेच त्या काठीनं दाखवत राहिल्या.

जर्मनी एक झाली, पण १८१० ची रेघ कायम आहे. बव्हेरियाकडचं अर्धं गाव ट्योपनच्या कारभारात, थुरिंगियाकडचं गेफेलच्या. महापौर दोन, पिनकोड दोन, दूरध्वनीचे क्रमांक वेगळे. कुणाला त्याचा त्रास नाही, असं गावकरी सांगतात. आजींना एकच गोष्ट पटत नाही. मुलं दोन काठांवरून दोन राज्यांच्या शाळांत जातात, आणि दोन्हीकडच्या सुट्ट्यासुद्धा एका वेळी पडत नाहीत. ‘आम्ही एका बाकावर बसायचो,’ त्या म्हणाल्या, ‘तेवढं तरी यांनी परत आणायला हवं होतं.’