‘फिदा’ या शब्दाची कुळकथा

कॉलेजांतला एखादा तरुण वर्गांतील एखाद्या मुलीकडे वारंवार पाहूं लागला कीं, ‘स्वारी तिच्यावर फिदा आहे,’ असा शेरा मित्रमंडळींत ठरलेला. शब्द थट्टेचा, वडील माणसांसमोर तो उच्चारतांना जीभ थोडी अडखळतेच. परंतु त्याचें कूळ शोधूं गेल्यास थट्टेचा मागमूसहि लागत नाहीं.

‘फिदा’ हा शब्द मूळचा अरबी. कैद्याच्या सुटकेसाठीं जें मोल भरावयाचें तें ‘फिदा’. असाध्य आजारामुळें ज्याला रमजानचे उपास करतांच येत नाहींत, त्यानें त्यांऐवजीं गरिबाला अन्न द्यावें, या भरपाईस ‘फिदिया’ म्हणतात. तोहि याच धातूचा. एकाच्या बदल्यांत दुसरें देणें, ही मूळ कल्पना. द्रव्याच्या जागीं स्वतःचा जीवच पुढें केला, कीं देणारा ‘फिदाई’ होतो. इ. स. १०९० मध्यें हसन-इ-सब्बाह यानें इराणांतील अलमूतचा किल्ला घेतला. शत्रूवर घाला घालावयास निघतांना परत येण्याची आशा न धरणारे त्याचे अनुयायी ‘फिदाई’ म्हणविले जात. १०९२ मध्यें सेल्जुकांचा वजीर निजाम-उल-मुल्क यांच्यांपैकींच एकाच्या हातून मारला गेला, असें मानतात. १२५६ मध्यें मंगोलांनीं अलमूत जमीनदोस्त केला. शब्द मात्र उरला. विसाव्या शतकांतील अरब लढवय्यांचें ‘फिदायीन’ हें नांव त्याचेंच अनेकवचन.

मग एवढा जड शब्द हलका कसा झाला? दोष प्रेमिकांचा नाहीं, दरबाऱ्यांचा आहे. मोंगल सरदारांच्या शिक्क्यांत बादशहाच्या नांवासह ‘फिदवी’, म्हणजे ‘त्याच्यासाठीं प्राण देणारा’, असें बिरुद कोरलेलें आढळतें; साधा अर्जदारहि स्वतःस ‘फिदवी’ म्हणवी. त्यांतल्या बहुतेकांवर प्राण देण्याची पाळी कधींच आली नाहीं, हें सांगावयास नकोच! गझलेंतल्या प्रियकरानें तीच भाषा प्रेयसीच्या पायांशीं आणून ठेविली.

मराठींत या शब्दाला परकेपणा फारसा जाणवला नसावा. ‘जीव ओवाळून टाकणें’ हा आपला घरचा प्रयोग त्याचा सख्खा भाऊच आहे. दृष्ट काढतांना मीठमोहऱ्या मुलावरून ओवाळून चुलींत टाकतात. मुलावरची पीडा त्यांनीं आपल्यावर घ्यावी, हा हेतु. येथेंहि व्यवहार बदल्याचाच. विभक्तीहि तीच : ‘तिच्यावर’ जीव ओवाळावयाचा, ‘तिच्यावर’ फिदा व्हावयाचें. गंमत अशी कीं, ‘ओवाळून टाकलेला’ म्हटला कीं तो निर्लज्ज, वाया गेलेला माणूस! ‘फिदा’च्या वांट्याला एवढी अधोगति आली नाहीं. तो फक्त स्वस्त झाला. पाहुणे आतां आमरसावरहि फिदा होतात.

या शब्दाचीं दोन्ही टोकें एकाच माणसाच्या नांवांत सांपडतात. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ मध्यें पंढरपुरास झाला. त्यांच्या वडिलांचें नांव फिदा हुसेन; इ. स. ६८० मध्यें करबला येथें मारले गेलेले इमाम हुसेन, त्यांच्यावर जीव वाहिलेला, असा त्याचा अर्थ. पुढें वार्धक्यांत चित्रकारास अभिनेत्री माधुरी दीक्षित यांच्या रूपानें वेड लाविलें. त्यांनीं तिचीं चित्रें काढलीं, तिला घेऊन २००० सालीं ‘गजगामिनी’ हा चित्रपटहि काढला. त्या चित्रमालिकेवर सही करतांना त्यांनीं वडिलांच्या नांवांतला पहिलाच शब्द तेवढा ठेविला : ‘फिदा’.