लखोट्यांतील खसखस

लोकांचीं पत्रें गुप्तपणें वाचण्याचा अधिकार सरकारास असावा कीं नाहीं, हा वाद पुष्कळांस अगदीं आजचा वाटतो. पण लंडन शहरांत १८४४ सालीं तो मोठ्या जोरानें झाला होता. ज्याच्या आत्मचरित्राचा अनुवाद सावरकरांनीं १९०७ मध्यें मराठींत केला, तो इटालियन देशभक्त जोसेफ मॅझिनी तेव्हां तेथें निर्वासित होता. आपलीं पत्रें कोणी तरी फोडतें असा संशय आल्यावरून त्यानें लखोट्यांत खसखशीचे दाणे व वाळूचे कण घालवून पाहिले. लखोटा पोंचे, पण दाणे नाहींसे झालेले असत.

जूनमध्यें टॉमस डन्कम्ब या सभासदानें हें गाऱ्हाणें कॉमन्स सभेपुढें मांडलें. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांनीं एका अर्जदाराविषयीं हुकूम दिल्याचें कबूल केलें. अधिक सांगण्याचें नाकारलें. १७११ च्या कायद्यापासून मंत्र्यास तसा अधिकार होता, म्हणजे कृत्य कायदेशीरच होतें. तरीही देश खवळला. कार्लाईलनें ‘टाइम्स’मध्यें मॅझिनीच्या सचोटीची ग्वाही दिली व पत्रें फोडणें खिसे कापण्याच्या पंक्तीस बसविलें. ‘पंच’नें मंत्रिमहाशयांची यथेच्छ थट्टा केली.

एका परक्या क्रांतिकारकासाठीं इतका क्षोभ कां व्हावा? आम्हांस त्याचें कारण १८४० च्या सुधारणेंत दिसतें. त्या सालापासून अर्ध्या औंसाचें पत्र एका पेनींत राज्यांत कोठेंही जाऊं लागलें व टपाल घरोघरचें झालें. मॅझिनीच्या लखोट्यांत प्रत्येकास आपलाच लखोटा दिसला.

जुलैमध्यें बांदिएरा बंधूंस नेपल्सच्या राज्यांत गोळ्या घालण्यांत आल्या, तेव्हां इंग्रज सरकारनें पुरविलेल्या बातमीचा हा परिणाम, असा आरोप झाला. पत्रांतील माहिती परक्या दरबारीं गेली होती हें खरें. परंतु बंधूंस त्यांच्याच एका सोबत्यानें दगा दिला होता, हेंही विसरतां कामा नये.

दोन्ही सभागृहांच्या गुप्त समित्यांनीं चौकशी केली. टपालखात्यांतील गुप्त शाखा व सांकेतिक लिपी उलगडणारी कचेरी बंद झाली. हुकूम देण्याचा अधिकार मात्र मंत्र्याकडेच राहिला. लोकांचा संताप पत्र फोडणाऱ्या हातावर होता. त्या हातास परवानगी कोणी द्यावी व तिचा जाब कोणी विचारावा, या प्रश्नापर्यंत तो पोंचलाच नाहीं.

तोच प्रश्न आमच्याही दारीं उभा आहे. १८९८ च्या टपाल कायद्यानें हिंदुस्थान सरकारास पत्रें अडविण्याचा अधिकार दिला होता. २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तरी जुन्या कायद्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या कायद्यांतही तो अधिकार आहेच. राज्याच्या रक्षणासाठीं एखादें पत्र पाहावें लागेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण मागणारा व मंजुरी देणारा एकच असूं नये, एवढी मागणी तरी सुशिक्षित समाजानें शांत काळांतच लावून धरली पाहिजे. क्षोभाच्या भरांत कचेऱ्या बंद होतात, कायदे बदलत नाहींत, असाच १८४४ चा दाखला आहे.