नर्सिंग डायग्नोसिस म्हणजे काय? नर्स ते लिहायला का कचरतात?

समजा, रिसोडचा एक शेतकरी अर्धांगवायूमुळे वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात दाखल झालाय. डॉक्टरांनी केस पेपरवर आजाराचं नाव लिहिलं. पण त्याला कूस बदलता येत नाही, पाणी पिताना ठसका लागतो, पाठीची कातडी लाल व्हायला लागलीये. हे कुणी टिपायचं? इथे कामाला येतं नर्सिंग डायग्नोसिस.

डॉक्टरांच्या निदानापेक्षा वेगळं काय?

डॉक्टर आजार ओळखतात. त्या आजारामुळे रुग्णाला कोणता त्रास होतोय किंवा होऊ शकतो आणि त्यावर नर्स स्वतः काय करू शकते, हे नर्सिंग डायग्नोसिस सांगतं. उदाहरणार्थ, 'हालचाल बंद असल्याने बेडसोअरचा धोका'. एवढं लिहिलं की पुढच्या शिफ्टच्या सिस्टरलाही कळतं, की ठरावीक वेळाने कूस बदलायची आणि पाठ तपासायची.

सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे 1973 मध्ये यावर पहिली परिषद झाली. 1982 मध्ये 'नांदा' ही संस्था स्थापन झाली. तिची यादी आज जगभर वापरली जाते. ब्राझीलने तर 2009 मध्ये नियमच केला. आपल्याकडे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना केअर प्लॅनमध्ये ते शिकवलं जातं.

मग अडतं कुठे?

नर्सचा याबद्दलचा दृष्टिकोन मोजायला 1994 पासून 20 विशेषणजोड्यांची एक मोजपट्टी वापरतात. अनेक देशांतल्या अभ्यासांत साधारण एकच चित्र दिसतं: उपयोग मान्य, पण वेळ नाही, सराव नाही, लिखाण जास्त. आपल्याकडे भाषेचीही अडचण आहे. रुग्ण बोलतो वऱ्हाडीत, यादी इंग्रजीत.

वाशिमला याचं काय?

9 ऑक्टोबर 2024 ला राज्यातल्या 10 नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात वाशिमही आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य रुग्णालयाच्या वॉर्डात 5 रुग्णांमागे 1 नर्स हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात 3 मागे 1. एका सिस्टरकडे याहून जास्त रुग्ण असतील, तर आधी सलाइन आणि इंजेक्शनं होतात, लिखाण मागे पडतं. त्यामुळे याला नुसता नर्सचा कंटाळा म्हणता येत नाही.

तुमचं माणूस दाखल असेल, तर सिस्टरना एवढं जरूर विचारा: "आजाराशिवाय आणखी कशाची काळजी घ्यायची?"