ओट्याची बखर

आमच्या बँकेत कर्ज मंजूर व्हायला तीन सह्या लागतात. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा दगड बदलायला सौभाग्यवतीची एकच पुरते. ती झाली की तारण राहायला आपण आहोतच!

बदलायचा होता तो कडाप्पा १९८४ साली अण्णांनी बसवलेला. त्याला आता मधोमध चीर गेली होती. मी कॉमर्सचा पदवीधर. दगडाशी माझा संबंध दिवसअखेरीस कॅश जुळली नाही की डोकं आपटून घेण्यापुरता. तरी दुकानात फसायला नको म्हणून चार पुस्तकं चाळली, आणि घरात नुसता पसारा नसून इतिहासही आहे, असं लक्षात आलं.

आमच्या मोरीत शहाबाद आणि ओट्यावर कडाप्पा. लहानपणी मला ही दोन गवंड्यांची नावं वाटत. पण ही तर गावं! शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. पूर्वी ते निजामाच्या राज्यात होतं. कडाप्पा आंध्रात. १८७१ साली मुंबईहून निघालेले जी. आय. पी. रेल्वेचे रूळ आणि मद्रासहून आलेले मद्रास रेल्वेचे रूळ रायचूरला एकमेकांना भेटले. रायचूरच्या अलीकडे शहाबाद, पलीकडे कडाप्पा. म्हणजे आमची मोरी आणि आमचा ओटा ही एकाच लाइनीवरची स्टेशनं निघाली!

आता तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रासारख्या दगडांच्या देशाला परप्रांतातून दगड कशाला? खरं आहे. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्याच जातीच्या काळ्या दगडात आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेलं. पण या बेसॉल्टमध्ये देऊळ कोरता आलं तरी त्याच्या पातळ लाद्या सहज सुटत नाहीत. शहाबाद आणि कडाप्पा हे थरावर थर साचून झालेले चुनखडक. छिन्नी लावली की पापुद्रा सुटावा तशी लादी सुटते. म्हणून लादीचा मान पाहुण्यांना, आणि घरच्या बेसॉल्टकडे जातं नि पाटा-वरवंटा. घरच्यांना कष्टाचीच कामं, हा नियम दगडांनाही लागू आहे.

उभ्याचा ओटा तसा अलीकडचा. आमच्या आजीनं जन्मभर चुलीपुढे बसून रांधलं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर बर्मा-शेलनं मुंबईत ‘बर्शेन’ गॅस आणला. पुढे घरोघरी सिलिंडर खाली गेला, शेगडी वर चढली आणि बाई उभी राहिली. स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या म्हणतात, ते आमच्याकडे असं अक्षरशः घडलं.

तर आम्ही दुकानात गेलो. हिचं मन पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर बसलं. दुकानदार म्हणाला, “मकराण्याचा आहे साहेब, ताजमहालाचा दगड!” मी खिशातून लिंबू काढलं आणि एका तुकड्यावर पिळलं. थोड्या वेळानं पुसलं, तर चकाकी जाऊन तिथे मळकट डाग. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडकच. आंबट लागलं की खाल्ला जातो. शहाजहानला ही अडचण आली नाही, कारण ताजमहालात कुणी चिंचेची आमटी करत नव्हतं.

मग काळा ग्रॅनाइट. त्यावर लिंबाचं काही चाललं नाही. पुस्तकात मात्र लिहिलं होतं की, दुकानात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो बहुधा ग्रॅनाइट नसतोच. डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. आणि डोलेराइट म्हणजे बेसॉल्टचा सख्खा चुलतभाऊ! ज्या वरवंट्याला आम्ही मिक्सर येताच माळ्यावर टाकलं, त्याच्याच भाऊबंदाला पॉलिश करून चौरस फुटाच्या भावानं घरी आणत होतो. ओटा ८ बाय २, म्हणजे १६ चौरस फूट. बिल २० चं. “कटिंगमध्ये जातं, साहेब.” आमच्या बँकेत कॅश अशी कटिंगमध्ये गेली, तर आम्ही आत जातो.

दगड आला, मिस्त्री आला. टेप काढून मला म्हणाला, “साहेब, उंची किती ठेवू?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्चीतून आई म्हणाली, “मागच्या वेळीही अण्णांनाच विचारलं होतं हो.”

आणि एकदम आठवलं. ओट्याखाली एक लाकडी पाट असे. आई त्यावर उभी राहून पोळ्या करी. लहानपणी मला वाटायचं, पोळ्या करायची रीतच तशी असेल. अण्णा पावणेसहा फुटी. त्यांच्या कोपराला बेतानं आलेल्या त्या ओट्यावर त्यांनी कधी चहासुद्धा केला नाही. आणि पावणेपाच फुटी आई सून येईपर्यंत पाटावर उभी होती. ना तिनं तक्रार केली, ना आमच्यापैकी कुणी पाटाबद्दल विचारलं.

मी मिस्त्रीला म्हटलं, “मला काय विचारता? तिला विचारा.” टेपचं खालचं टोक मात्र मी धरलं. घरात माझ्या पदाला शोभेलसं तेवढंच काम होतं.

नवा ओटा हिच्या कोपराच्या मापानं झाला. चिरलेल्या कडाप्प्याचा धड अर्धा भाग मिस्त्रीनं मागच्या गॅलरीत विटांवर बसवून दिला, आईच्या मापानं. माळ्यावरचा पाटा-वरवंटा त्यावर आला. आई आता तिथे कधीमधी चटणी वाटते, जमिनीवर दोन्ही पाय टेकून.

आणि तो लाकडी पाट? तो मी घेतलाय. माळ्यावरचं सामान काढायला माझा हात पोचत नाही.