कोसा विणकर, ग्राहक कायदा आणि थकीत देयके : आंधळगावच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात वसलेले आंधळगाव हे कोसा वस्त्रांच्या विणकामासाठी विदर्भात परिचित आहे. ऐन व अर्जुन या वृक्षांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून काढलेला धागा आणि सुती किनार यांच्या मिलाफातून येथील करवती साडी तयार होते. किनारीवरील दातेरी नक्षी करवतीच्या दात्यांसारखी दिसते, म्हणून हे नाव. या वस्त्रप्रकारास भौगोलिक उपदर्शनाची नोंदणीही प्राप्त झालेली आहे. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथात कोष्टी समाजाची ओळख रेशमी व तलम सुती वस्त्रे विणणारा समाज अशीच करून दिलेली आहे.

या परंपरेच्या कलात्मक अंगावर बरेच लिहिले जाते. परंतु विणलेल्या मालाचे पैसे विणकराच्या हाती केव्हा येतात आणि न आल्यास त्याला कायद्याचा आधार कोणता, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. विणकर सूत व हातमागाचे सुटे भाग विकत घेतो तेव्हा तो ग्राहक असतो, साडी गिऱ्हाइकास विकतो तेव्हा विक्रेता असतो आणि व्यापाऱ्यास उधारीवर माल देतो तेव्हा धनको असतो. या तीन भूमिकांकडे कायद्याने कोणत्या काळी कसे पाहिले, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

समान पक्षांचा कायदा

१८७२ चा भारतीय करार कायदा आणि १९३० चा मालविक्री कायदा हे दोन्ही कायदे खरेदीदार व विक्रेता यांना समान बळाचे पक्ष मानतात. वर्णनावरून वा नमुन्यावरून विकलेला माल त्या वर्णनाशी वा नमुन्याशी जुळला पाहिजे, ही विक्रेत्याची जबाबदारी १९३० च्या कायद्याने निश्चित केली. खरेदीदाराने वाजवी मुदतीत माल नाकारल्याचे कळविले नाही, तर त्याने तो स्वीकारला असे समजले जाते, हेही त्याच कायद्याने सांगितले. मात्र ‘वाजवी मुदत’ म्हणजे किती दिवस, हे ठरविण्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागे. एका साडीच्या किमतीसाठी मोहाडी वा भंडाऱ्याच्या न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालणे विणकरास परवडणारे नव्हते.

मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्जसमेट कायदा झाला. तथापि, त्याचा रोख मुख्यतः शेतीवर उपजीविका करणाऱ्या ऋणकोंकडे होता. व्यापाऱ्याकडून सुतासाठी उचल घेणाऱ्या आणि त्याच व्यापाऱ्याला माल देऊन ती फेडणाऱ्या कारागिराचा प्रश्न त्यात स्वतंत्रपणे आला नाही. वास्तविक या कारागिराचे घेणे व देणे एकाच वहीत असते आणि ती वही बहुधा व्यापाऱ्याकडेच असते.

सहकार व संरक्षणाचा काळ

स्वातंत्र्योत्तर काळात विणकरास व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडविण्याचा मार्ग म्हणून सहकाराकडे पाहिले गेले. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील कलम ९१ अन्वये सभासद व संस्था यांच्यातील वादांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. १९७१ मध्ये नागपूर येथे राज्य हातमाग महामंडळाची स्थापना झाली. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवले. या सर्व उपायांनी हातमागाच्या मालाला संरक्षण दिले. पण त्या मालाची किंमत किती दिवसांत मिळावी, याविषयी ते मौन होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

ग्राहक कोण ?

डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला. दुर्बल पक्षाला कमी खर्चात व लवकर न्याय मिळावा, हे त्याचे सूत्र होते. परंतु ‘व्यापारी प्रयोजनासाठी’ माल घेणारा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला. त्यामुळे स्वतःच्या मागासाठी सूत घेणारा विणकर ग्राहक ठरतो की नाही, असा प्रश्न निर्माण झाला. १९९३ च्या दुरुस्तीने त्याचे उत्तर दिले. केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका मिळविण्यासाठी घेतलेल्या व स्वतः वापरलेल्या वस्तूस व्यापारी प्रयोजन लागू होणार नाही, असे स्पष्टीकरण जोडण्यात आले.

या स्पष्टीकरणाचा अर्थ महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात निश्चित झाला. पुण्याच्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने सुमारे २१ लाख रुपयांचे यंत्र मागविले. ते उशिरा व सदोष मिळाल्याची तक्रार राज्य आयोगाने मान्य केली, तर राष्ट्रीय आयोगाने हा उद्योग ग्राहक नसल्याचे सांगून ती फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९९५ रोजी राष्ट्रीय आयोगाचा निर्णय कायम केला. निकाल लघुउद्योगाच्या विरुद्ध गेला असला, तरी स्वतः रिक्षा चालवून पोट भरण्यासाठी ती घेणारा ग्राहकच ठरतो, हे तत्त्व त्यात स्पष्ट झाले. याच न्यायाने स्वतःच्या हाताने विणणारा कारागीर सदोष सूत किंवा सदोष माग यांविषयी ग्राहक म्हणून तक्रार करू शकतो. २०१९ च्या नव्या कायद्यातही हे स्पष्टीकरण टिकून आहे.

विक्रेता म्हणून जबाबदाऱ्या

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याने विक्रेत्यांवरील बंधने वाढविली. बिल न देणे, तसेच सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत परत न घेणे, या गोष्टी अनुचित व्यापारी प्रथांत मोडतात. ग्राहकाला स्वतःच्या निवासस्थानाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे आंधळगावची साडी मुंबईच्या गिऱ्हाइकाने घेतली, तर तिचा वाद मुंबईत उभा राहू शकतो. कोशाच्या नावाखाली दुसरा धागा वापरल्यास विणकर किंवा विक्रेता उत्तरदायी ठरतो. २००४ मधील रेशीम चिन्ह व २००६ मधील हातमाग चिन्ह ही दोन्ही या विश्वासाशीच निगडित आहेत.

धनको म्हणून हक्क

लघुउद्योगांच्या थकीत देयकांचा प्रश्न १९९२ च्या वटहुकमाने व १९९३ च्या विलंबित देयकांवरील व्याज कायद्याने प्रथम स्वतंत्रपणे हाताळला. १९९८ च्या दुरुस्तीने उधारीची कमाल मुदत १२० दिवस ठरविली. त्यानंतर २ ऑक्टोबर २००६ पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा अमलात आला. त्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही आणि मुदत ठरलेली नसल्यास माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत रक्कम देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. उदाहरणादाखल, बँक दर ६ टक्के धरल्यास २०,००० रुपयांच्या थकबाकीवर वर्षभरात सुमारे ३,९१२ रुपये व्याज होते.

याहून महत्त्वाची तरतूद मालाच्या स्वीकृतीविषयी आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते. काही महिन्यांनी ‘किनार सरळ नाही’, ‘रंग उतरला’ असे सांगून रक्कम कापण्याच्या प्रथेला हे थेट उत्तर आहे. १९३० च्या कायद्यातील मोघम ‘वाजवी मुदत’ येथे निश्चित दिवसांत आली. शिवाय पुरवठादार ज्या क्षेत्रात आहे तेथील सुविधा परिषदेला देशातील कोणत्याही खरेदीदाराविरुद्धचे प्रकरण चालविता येते. त्यामुळे कोलकात्याच्या व्यापाऱ्याकडील थकबाकीसाठी विणकराला कोलकात्यास जाण्याची गरज नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदारास करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही, अशीही तरतूद केली.

तथापि, यात एक अडसर आहे. शिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे सांगितले की, माल पुरविण्यापूर्वी नोंदणी नसेल तर या कायद्याचा लाभ मागता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नोंदणीच्या वेळेचा हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र उद्यम नोंदणी आधी करणे हेच श्रेयस्कर होय. तसेच जो विणकर व्यापाऱ्याच्याच सुतावर मजुरीने विणतो, तो पुरवठादार की मजूर, हा पहिलाच प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, दीडशे वर्षांत कायदा समान पक्षांच्या कल्पनेकडून दुर्बल पक्षाला झुकते माप देण्याकडे सरकला. गिऱ्हाइकाला त्याच्या गावी आणि विणकराला त्याच्या विभागात दाद मागता येते, हे या प्रवासाचे फलित आहे. पण हे दोन्ही हक्क कागदावर अवलंबून आहेत, तर गावातील व्यवहार शब्दावर चालतो.

बिल देणे हे गिऱ्हाइकासाठीचे ओझे आहे, अशी छोट्या विक्रेत्यांची सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः विक्रेत्याचे नाव व पत्ता, अनुक्रमांक, तारीख, मालाचे वर्णन व नग दर्शविणारे जे बिल ग्राहक कायदा मागतो, तसेच बिल व्यापाऱ्याला देऊन त्याच्या स्थळप्रतीवर पोच घेतली, तर १५ आणि ४५ दिवसांची मोजणी त्याच तारखेपासून सिद्ध करता येते. ग्राहकाप्रती असलेली जबाबदारी आणि स्वतःच्या घामाचे दाम मिळविण्याचा हक्क या एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत. आजवर वही व्यापाऱ्याकडे राहिली. तिची एक प्रत विणकराच्या घरी असणे ही या कायद्यांच्या यशाची पहिली अट आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या वाणिज्य, इतिहास व समाजशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून बिलपुस्तक व उद्यम नोंदणी यांसाठी साहाय्य केल्यास अभ्यास आणि समाजकार्य यांची सांगड घालता येईल.