हवेचा डबा

आमच्या इंदापूर तालुक्याचा इतिहास सांगणारे पाण्यापासून सुरुवात करतात. इंग्रजांच्या काळातला नीरा डावा कालवा, मग उजनी, मग ऊस. ते बरोबरच आहे. पण माझं पोरपण ट्रकच्या केबिनमध्ये गेलं, त्यामुळं मला हा इतिहास आधी धुळीतच दिसतो. पाणी यायच्या आधी इथं धूळ होती, आणि पाणी आल्यावरही ती कुठं गेली नाही. इंजिनाच्या हवेच्या डब्यात ती रोज मोजून मिळायची.

आमच्या भागात मोटारीचं वारं तसं लवकर आलं. कळंबजवळच्या माळावर वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला, त्याचं वालचंदनगर झालं. ह्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातनं डॉज नि फार्गो ट्रक बाहेर पडायला लागले. महायुद्ध संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या गाड्याही लिलावात आल्या, त्यांना जुनी माणसं ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणायची. त्याच युद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाड्यांची इंजिनं वाळूनं झिजून बसायची. आमच्या माळाची परीक्षा तेवढी कडक नसली, तरी पेपर तोच होता.

डिझेलचं खरं राज्य आलं ते टाटाच्या गाडीनं. जर्मनीच्या डेमलर-बेंझशी टाटांचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ साली संपला. तोवरच्या गाड्यांच्या तोंडावर बेंझचा तारा असायचा. आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आण्णांनी, अशीच एक ताऱ्याची जुनी गाडी घेतली होती. चार एकराचं रान गहाण टाकून. घरात अकरा तोंडं, विहिरीला पाणी बेताचं. आज्जी म्हणायची, “रान हलत न्हाई म्हणून आपलं राहतंय, ही हलती वस्तू, कशी राहायची?” गाडी टिकली तर रान परत येणार, इंजिनाचं काम निघालं तर रानही गेलं, असा तो सरळ व्यवहार होता.

आता इंजिन झिजतं कशानं? लोक म्हणतात किलोमीटरनं. मला ते पटत नाही. डिझेल इंजिनाला पेटवायला ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, इतकी की ती सोळा-सतराव्या हिश्श्यात मावते. दाबानं ती तापून लाल व्हायची वेळ येते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेटतो. म्हणजे सगळा खेळ हवेचा. एक लिटर डिझेल नीट जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. आमच्याकडच्या माणसाला हे लगेच कळेल, कारण दुष्काळात येणारा पाण्याचा मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो. लिटरभर डिझेलला टँकरभर हवा. पुढं टाटाचं ६९७ इंजिन आलं. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. पावणेसहा लिटरच्या आतबाहेरचं ते इंजिन दोन हजार फेऱ्यांवर पळालं, तर तासाला तीन लाख लिटरच्या वर हवा ओढतं. तीसचौतीस टँकर. त्या हवेत चिमूटभर धूळ असली तरी दिवसाला किती झाली, हिशेब तुम्हीच करा.

आणि आमची धूळ साधी नाही. आपला दख्खनचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट, त्याचा भुगा बिडाच्या लोखंडालाही खरवडतो. तो सिलिंडरमध्ये जाऊन ऑईलला मिळाला, की मिस्त्री व्हॉल्व घासून बसवताना जी खरखरीत पेस्ट लावतो, तशीच पेस्ट तयार होते. मग रिंगा झिजतात, बोअर मोठा होतो, दाब गळतो. थंडीच्या सकाळी गाडी ढकलल्याशिवाय चालू होत नाही, मागनं निळा धूर, आणि इंजिन ऑईल प्यायला लागतं.

हे अडवायला त्या काळच्या गाडीत जे होतं त्याला कंपनी ‘ऑईल बाथ एअर क्लीनर’ म्हणायची, आम्ही हवेचा डबा म्हणायचो. खाली तेलाची वाटी, वर तारेच्या जाळीचा गुंडाळा. हवा मधनं खाली येते, तेलावर आपटून एकदम उलटी वर वळते. धूळ जड, तिला तेवढ्या झटक्यात वळता येत नाही, ती तेलात बुडते. उरलीसुरली, तेलानं ओल्या झालेल्या जाळीला चिकटते. ज्यानं हे काढलं त्यानं वावटळीकडं नीट बघितलं असणार, असं मला कायम वाटतं.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला हाडं झाली. बाया-माणसं खडी फोडायला आणि नालाबांधावर गेली, पोटाला सुकडी आणि लाल मिलो. आण्णांची गाडी खडी वाहायची आणि घरात तेवढा एकच चालता पैसा होता. रस्ते म्हणजे नुसता फुफाटा. पुढच्या गाडीच्या मागं पंधरा मिनिटं चाललं, तर आमच्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या. शाळा सुटली की मी किन्नर. क्लीनरचं किन्नर कधी झालं कुणास ठाऊक, पण माझ्याकडं काम खरंच क्लीनरचं होतं.

डांबरी रस्त्यावर आठवड्यानं बघायचा डबा आण्णा तेव्हा रोज रात्री उघडायला लावायचे. गाडी बंद करून थोडं थांबायचं, म्हणजे जाळीवरचं तेल खाली उतरतं. वाटी सोडवून आत काडी घालायची. तळाला बोटाच्या एका पेराएवढा चिखल साचला, की तेल ओतून द्यायचं, वाटी खरवडून पुसायची, जाळी धुवायची. धुवायला रॉकेल चांगलं, पण रॉकेल रेशनवर. चुलती चिमणी हातात धरून म्हणायची, “गाडीला आंघोळ घाला आन पोरं अंधारात बसवा.” मग आण्णा डिझेलनं धुवायला लावायचे, पेट्रोलला मात्र हात लावू द्यायचे नाहीत, भडका उडायची भीती. धुतलेली जाळी निथळून पार कोरडी होईस्तोवर बसवायची नाही. वाटीत तेल रेघेपर्यंतच भरायचं, आणि तेही नवं. बरेच ड्रायव्हर इंजिनातनं काढलेलं जळकं ऑईल त्यात ओतायचे. आण्णा म्हणायचे, “गटाराच्या पाण्यानं तोंड धुतल्यासारखं हाय ते.”

रेघेचं महत्त्व मी नंतर भवानीनगरला बघितलं, कारखान्याच्या गाडीतळावर. तेल कमी असलं तर हवा तेलाला शिवतच नाही, धूळ सरळ आत. हे सगळ्यांना कळतं. जास्त झाल्यावर काय होतं, ते फार थोड्यांनी पाहिलंय. एका गाडीच्या किन्नरानं वाटी काठोकाठ भरली होती. ड्रायव्हरनं गाडी चालू करून जरा रेस दिली, आणि इंजिन वाटीतलं तेलच ओढून जाळायला लागलं. किल्ली काढली, डिझेल बंद केलं, तरी आवाज वाढतच चालला. सगळा तळ पांढऱ्या धुरानं भरला. ड्रायव्हर उडी टाकून पळाला. आण्णा केबिनमध्ये चढले, टॉप गिअर टाकला, ब्रेकवर उभे राहिले आणि क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला आणि गप झाली. खाली उतरल्यावर त्यांचे हात थरथरत होते, तंबाखू मळता येईना.

पण डब्यापेक्षाही त्यांचं लक्ष डब्याच्या पुढच्या रबरी होजवर असायचं. डबा कितीही साफ ठेवा, त्याच्यापुढं इंजिनाकडं जाणारा पाइप चिरला किंवा क्लिप ढिली पडली, की धूळ चाळणीतनं न जाता मागल्या दारानं घरात येते. दर पंधरा दिवसांनी ते होज सोडून आतनं पांढरं फडकं फिरवायचे. फडकं मातकट निघालं की गाडी जागेवर उभी, खेप गेली तर जाऊ दे. आमच्याबरोबर खडी वाहणाऱ्या एका गाडीचा होज सुतळीनं बांधलेला होता. मालक भला माणूस, पण एक खेप बुडवायची त्याची तयारी नसायची. त्याच हंगामात इंजिनाचं काम निघालं, सावकाराकडनं पैसे काढून केलं, होज तसाच राहिला, आणि पुढच्या वर्षी परत निघालं. त्याची जमीन विकली गेली. त्याची पोरं पुढं आमच्याबरोबर ऊसतोडीच्या टोळीत दिसायची, आणि ते बघून आण्णा मान खाली घालायचे.

आमचं रान १९७६ ला सुटलं. त्याच वर्षी मी दहावी झालो आणि शिक्षण थांबलं.

१९८० साली उजनी पूर्ण झाली. पळसदेवसारखी गावं पाण्यात गेली, तुळया, पत्रे, उखळं, देव्हारे ट्रकमध्ये घालून माणसं वर आली. अशा खेपांना आण्णा भाडं सांगायचे नाहीत, मिळेल ते घ्यायचे. मग उसाचं राज्य सुरू झालं, बिजवडीला इंदापूरचा कारखाना झाला. डब्यात आता वेगळाच माल सापडायला लागला: पाचटाचे तुकडे, जाळलेल्या फडाची काळी राख, गाडीतळावरची भुश्शाची कूस. चिखलाचा रंग बघून गाडी कुठं फिरली ते सांगता यायचं. काळपट म्हणजे ऊस, पांढुरकी म्हणजे खडी, तांबूस म्हणजे मुरुमाचा रस्ता.

गाडी आण्णांनी नव्वदच्या आसपास विकली. घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं टायर बघितले नाहीत की रंग बघितला नाही. आधी होज सोडला, आत बोट फिरवलं, बोट धोतराला पुसलं आणि म्हणाला, “बोला, किती?”

नंतर कागदाचे फिल्टर आले. ते तेलाच्या वाटीपेक्षा बारीक धूळ धरतात, यात वाद नाही. पण आमच्या माणसांनी त्यांनाही जाळीच समजून वागवलं. टायरवर आपटायचा, नाहीतर पंक्चरच्या दुकानात बाहेरनं जोरात हवा मारायची. बाहेरनं मारली की धूळ कागदात आणखी रुतते. मारायची तर आतनं बाहेर आणि हळू दाबानं. मग आत बल्ब धरून अंधारात बघायचं, उजेडाचा एक जरी ठिपका दिसला तरी तो फिल्टर टाकून द्यायचा. सारखा साफ करणंही बरं नाही, दर वेळी कागद थोडा मरतो. त्यात टर्बो आल्यापासून काम आणखी नाजूक झालं. त्याचा पंखा मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या घेतो, तिथं वाळूचा कणही पात्याची धार खातो.

तुकोबांच्या पालखी मार्गाचं काम निघालं तेव्हा पुतण्याचा डंपर त्यावर होता. गाडी बीएस-सहाची, २०२० नंतरची. फिल्टर तुंबला की समोर दिवा लागतो. मी त्याला म्हटलं, दिवा तुंबल्याचं सांगतो, पुढचा होज फाटलाय ते सांगत नाही; उलट फाटल्यावर हवा मोकळी मिळते, दिवा लागेलच कशाला? तो हसला. दुसऱ्या दिवशी निमगाव केतकीच्या पुढं गाडी उभी करून त्यानं फोन केला, “काका, आतनं कुठलं फडकं फिरवू, ओलं का कोरडं?”

कोरडं, म्हटलं.